आधी खिडकीला जाळी, मग हवा शुद्ध करायचं मशीन

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी बेळगावातल्या अनगोळचा, एसी-फ्रिज रिपेअरीचं काम करतोय त्याला आता बावीस वर्षं होत आली, रोज चार-पाच घरांत जाणं होतं, टिळकवाडीतल्या फ्लॅटपासून वडगावच्या मागवाल्यांच्या घरापर्यंत, आणि घरात पाय टाकला की तिथली हवा कशी आहे ते आधी नाकाला कळतं. गेल्या महिन्यात वडगावला एका घरी एसीचा गॅस बघायला गेलो होतो तेव्हा जे बघितलं त्यावरून हे पत्र लिहितोय. जरा लांबलंय, पण शक्य असेल तर पूर्ण छापा ही विनंती, कारण अशी घरं आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत.

त्या घरात सात वर्षांचा नातू आहे, त्याला दमा, उशाला पंप ठेवलेला. आजीनं दारावर आलेल्या एका एजंटकडून साडेसहा हजाराला हवा शुद्ध करायचं मशीन घेतलेलं, भिंतीच्या सॉकेटला लावायचं, त्याला फिल्टर नाही, काही बदलायचं नाही, कधी धुवायचं नाही, जन्मभर चालतं असं सांगून दिलेलं. खोलीत शिरलो तर झेरॉक्सच्या दुकानात येतो तसला झणझणीत वास. आजी, हा वास कसला म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "ताज्या हवेचा वास हाय म्हणून सांगितलंय की ओ त्यानं, डोंगरावर असतो तसला." तो वास ओझोनचा होता. ओझोन वर आभाळात असतो तेव्हा उन्हातल्या वाईट किरणांपासून आपल्याला वाचवतो, पण तोच खोलीत नाकावाटे आत गेला की श्वासनळीची आतून आग करतो, दम्याच्या पोराला तर जास्तच. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यानं घरात वापरायच्या अशा मशीनमधनं हवेच्या दहा लाख भागांत ०.०५ भागापेक्षा जास्त ओझोन निघता कामा नये असा नियम केलाय, आणि आपल्याकडं ते दारावर येऊन विकलं जातं, विकणारा परत दिसत पण नाही. मी ते मशीन काढायला लावलं. मग इनडोअर युनिटची जाळी धुवायला स्टूल घेतलं आणि खाली बघतो तर पलंगाखाली मच्छरची कॉइल जळत होती. खिडक्या दोन्ही बंद. का, तर मागं नाला आहे, डास येतात.

त्या दिवसापासून डोक्यात एकच गोष्ट आहे, ती आधी सांगून टाकतो. हवा शुद्ध करायचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला उपाय म्हणजे खिडकीला डासाची जाळी. कारण जाळी बसली की कॉइल लावायची गरज बरीच संपते आणि खिडकी उघडी ठेवता येते, म्हणजे घाण तयार होणं पण थांबतं आणि झालेली घाण बाहेर पण जाते, हे दोन्ही एका वस्तूत होतं असं दुसरं काही मला तरी माहीत नाही. एका खिडकीचं काहीशे रुपयांत काम होतं, दोन-चार वर्षांनी फाटली की बदलायची. जाळीनं सुद्धा डास थांबत नसतील तर मच्छरदाणी लावा, आपली आजी-पणजी लावत होती तीच.

कॉइलवर मी एवढं का बोलतोय ते सांगतो. २००३ साली एक संशोधन छापून आलं होतं, त्यात चीन आणि मलेशियातल्या कॉइल जाळून धूर मोजला होता, तर एका कॉइलमधनं निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरले. ज्या घरात कुणी बिडीला हात लावत नाही, नातवाला आजोबांच्या बिडीच्या धुरात बसू देत नाहीत, त्याच घरात रात्रभर पोराच्या पलंगाखाली हे जळतं आणि कुणाला वावगं वाटत नाही, कारण ते दुकानात औषधासारखं मिळतं.

हे बारीक कण म्हणजे पीएम २.५, अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान. आपला केस पन्नास-सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाच्या जाडीत असे वीस-पंचवीस कण शेजारी शेजारी बसतील. हे नाकात अडकत नाहीत, खोकल्यानं पडत नाहीत, सरळ फुफ्फुसाच्या तळाला जातात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली सांगितलंय की चोवीस तासांच्या सरासरीत हे एका घनमीटर हवेत १५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नयेत, आपल्या देशाची २००९ पासूनची हद्द ६० आहे. मी एक छोटा मीटर घेतलाय, कामावर पिशवीत असतो, बंद खोलीत कॉइल किंवा चार उदबत्त्या लावल्या की त्यावरचा आकडा बघता बघता तीन आकडी होतो, आणि समोरासमोरची दोन दारं-खिडक्या उघडली की थोड्या वेळात खाली येतो. हे मी गिऱ्हाइकांना समोर करून दाखवतो, तोंडानं सांगून कुणाला पटत नाही. उदबत्ती लावू नका असं मी म्हणत नाही, माझ्या घरी पण रोज पूजा होते, आम्ही आता एकच काडी लावतो आणि देवघराजवळची खिडकी उघडी ठेवतो, बस एवढंच.

आता खिडकी उघडायची म्हणजे कधी, हा प्रश्न लोक विचारतात आणि तो बरोबर आहे. उद्यमबागेकडं फाउंड्र्या आहेत, मेन रोडला गाड्यांचा धूर, बाहेरची हवा सगळीकडं सारखी नाही. थंडीत सकाळी लवकर धूर आणि धुकं जमिनीलगत दाटून राहतं, वर जात नाही, तेव्हा खिडकी उघडून "ताजी हवा" घेऊ नका, ऊन चढल्यावर दहा-अकराच्या पुढं उघडा. आणि एकच खिडकी उघडून उपयोग कमी, समोरची पण उघडा, हवेला यायला एक वाट आणि जायला दुसरी वाट पाहिजे. जुन्या कौलारू घरांत कौलांच्या फटीतनं हवा आपोआप जायची, आता स्लॅबच्या घरात ती सोय राहिली नाही.

स्वयंपाकघरात तर खिडकीवर अवलंबून राहूच नका, एक्झॉस्ट पंखा पाहिजे. ब्याडगी मिरचीची फोडणी बसली की घरभर ठसका लागतो तो निदान कळतो तरी, पण गॅसच्या निळ्या ज्योतीतनं नायट्रोजन डायऑक्साइड निघतो तो दिसत नाही, आणि लहान पोरांच्या छातीला तो चांगला नाही. पंखा शेगडीच्या जितका जवळ आणि वर तितका चांगला, आणि तो चालू असताना दुसरीकडचं दार-खिडकी थोडी किलकिली ठेवा नाहीतर पंखा नुसता फिरतो, हवा खेचत नाही. चिमणी घेणार असाल तर दुकानात एकच प्रश्न विचारा, पाइप भिंतीबाहेर जातो का. बिनपाइपची चिमणी येते, तिच्यात तेलाची जाळी आणि थोडा कोळसा असतो, ती तेलकटपणा आणि थोडा वास धरते, बाकीचा गॅस आणि वाफ परत तुमच्याच तोंडावर सोडते. भिंतीला सहा इंचाचं भोक पाडायचं म्हटलं की घरमालक नको म्हणतो, भाडेकरू गप्प बसतो आणि बिनपाइपची घेतो, हे मी कितीतरी घरांत बघितलंय.

आणि एक गोष्ट, जिच्यावर घरातलं हवा शुद्ध करायचं मशीन चालत नाही. कार्बन मोनॉक्साइड. बाथरूममध्ये गॅस गिझर असतो, थंडीत दार-खिडकी गच्च बंद करून आंघोळ चालते, आतला प्राणवायू कमी होत जातो, गॅस अर्धवट जळायला लागतो आणि हा वायू तयार होतो. ह्याला वास नाही, रंग नाही, खोकला येत नाही. रक्तात प्राणवायू जिथं चिकटतो तिथंच हा दोनशे पटीपेक्षा जास्त जोरानं चिकटतो, माणसाला आधी जड वाटतं, डोकं दुखतं, मग पायातलं बळ जातं आणि कडी काढायला हात उचलत नाही. मशीनमधला बारीक कण धरणारा हेपा फिल्टर ह्याला धरत नाही, वास धरणारा कोळशाचा फिल्टर धरत नाही. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ आणायचा, हा सगळ्यात सुरक्षित उपाय. मी बाथरूमच्या आत गॅस गिझर बसवून देत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी देत नाही. थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपतात त्यांना पण हेच सांगणं.

एवढं सगळं करून झाल्यावर मग फिल्टरचं मशीन. ते खोटं नाही, हे पण तितकंच स्पष्ट सांगतो. रस्त्यावरच्या घरात, दम्याचा पेशंट असेल, बाहेरचीच हवा खराब असेल तर हेपा फिल्टरचं मशीन खरोखर काम करतं. हेपा म्हणजे बारीक धाग्यांचा घडी घातलेला गठ्ठा, अमेरिकन मापाप्रमाणं ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण धरणारा. लोकांना वाटतं ती चाळण आहे, तसं नाही. मोठे कण सरळ धाग्यावर आदळतात, एकदम बारीक कण वेडेवाकडे हलत हलत धाग्याला चिकटतात, मधले ०.३ च्या आसपासचे धरायला सगळ्यात अवघड, म्हणून मोजमाप त्यावर करतात. पण खोक्यावर "हेपा टाइप" किंवा "हेपासारखा" असं लिहिलं असेल तर तो हेपा नाही, पैसे देऊ नका.

आणि फिल्टर कितीही चांगला असला तरी पंखा लहान असेल तर काय कामाचा? त्यासाठी सीएडीआर नावाचा आकडा असतो, तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतो तो. हिशोब करून दाखवतो. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट, म्हणजे १२०० घनफूट, साधारण ३४ घनमीटर. खोलीतली हवा तासात पाच वेळा गाळून व्हायला पाहिजे असं धरलं तर १७० पाहिजे. दुकानात ज्या मशीनवर हा आकडा लिहिलेलाच नाही ते घेऊ नका, आणि लिहिलेला असतो तो पंखा फुल स्पीडला असतानाचा, रात्री आवाज नको म्हणून एक नंबरवर ठेवला की त्याच्यापेक्षा बराच कमी मिळतो, म्हणून खोलीच्या मानानं एक माप मोठं घ्यावं. फिल्टर सहा महिने-वर्षानं बदलायचा, त्याचा खर्च आधी विचारा. शहापुरात एका ताईंनी हेपा फिल्टर सर्फमध्ये धुऊन उन्हात वाळत घातलेला, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, खोक्यातल्या पुस्तकात हिंदी-इंग्रजी होतं, मराठी नाही, कन्नड नाही. हेपा धुतला की धागे मोडतात, मग तो फेकायचाच. धुवायची असते ती पुढची जाळी. मागाच्या घरात जिथं सुताचा कापूस उडतो आणि निपाणीकडं जिथं बायका घरात बसून बिड्या वळतात तिथं ही पुढची जाळी दर दोन-चार दिवसांनी साफ करायला लागेल, आणि तिथं कोरडा झाडू मारायच्या आधी ओलं फडकं फिरवलं तर फिल्टरवरचं ओझं कमी होईल.

हेपा फक्त कण धरतो, वायू नाही. नवीन फर्निचरचा, रंगाचा वास जो येतो त्यासाठी कोळशाचा फिल्टर लागतो, अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन. त्यात पण वजन बघायचं, अर्धा-एक किलो कोळसा असेल तर काही उपयोग, बऱ्याच मशीनमध्ये काळ्या स्पंजची एक पातळ पट्टी असते, ती थोड्या आठवड्यांत भरून जाते. आपल्या पावसाळ्यात तर दमट हवेनं कोळशाची ताकद अजून कमी होते. प्लायवूड आणि एमडीएफच्या (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीच्या) डिंकातनं जो फॉर्मल्डिहाइड सुटतो तो साध्या कोळशाला नीट चिकटत पण नाही. हा वायू माणसाला कॅन्सर करतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ सालीच जाहीर केलंय, आणि नवीन मॉड्युलर किचन बसवलं की महिनोनमहिने तो निघत असतो, उन्हाळ्यात आणि दमट हवेत जास्त. बाळंतीण घरी यायच्या आधी नवीन कपाट, नवीन रंग करायची आपल्याकडं हौस असते, ती दोन-तीन महिने आधी पूर्ण करा आणि मग खोली रोज उघडी ठेवून वारं लागू द्या. डांबरगोळ्या पण लहान बाळाच्या कपड्यांत ठेवू नका.

झाडांबद्दल रोज एक मेसेज येतो, की नासानं सांगितलंय स्नेक प्लांट लावा, हवा शुद्ध होते. नासाचं ते काम १९८९ सालचं, छोट्या बंद पेटीत झाड ठेवून केलेलं, घरात नाही. २०१९ साली दोन संशोधकांनी असले सगळे प्रयोग एकत्र तपासले तेव्हा कळलं की दारा-खिडक्यांतनं हवा जितकी बदलते तितकी झाडांनी साफ करायची तर एका चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. वरच्या दहा बाय बाराच्या खोलीला कमीत कमी ११० कुंड्या झाल्या. झाडं लावा, डोळ्याला बरं वाटतं, मी पण लावलीत, पण दम्याच्या पोराला त्यांच्या भरवशावर सोडू नका. मिठाच्या खड्याचा दिवा हवा शुद्ध करतो म्हणून विकतात, त्यानं पण हवेत काही फरक पडत नाही. आणि माझ्या धंद्यातली गोष्ट, स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच फिरवतो, त्याची जाळी केस आणि कापूस धरते, पीएम २.५ धरत नाही, म्हणून एसी लावून हवा स्वच्छ झाली असं समजू नका.

पावसाळा हे आपलं वेगळं दुखणं आहे. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं चार महिने भिंतीला ओल, कपडे घरातच वाळत घातलेले, कपाटामागं काळी बुरशी. तिचे कण हेपा धरेल पण भिंतीवर ती वाढतच राहणार, तेव्हा आधी गळती बंद करा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा, आतला दमटपणा साठ टक्क्यांच्या खाली राहतोय का ते बघा, त्याचा मीटर काहीशे रुपयांत मिळतो.

माझी आक्का जांबोटीच्या पुढं एका खेड्यात दिलीय. गॅस आलाय, उज्ज्वला योजना २०१६ पासून आहे, स्वयंपाक गॅसवर होतो म्हणून सगळ्यांना वाटतं धुराचा प्रश्न मिटला. पण आंघोळीचं पाणी अजून न्हाणीतल्या चुलीवर तापतं, लाकूड फुकट आहे आणि सिलिंडर पाण्यासाठी कोण घालवणार. न्हाणी स्वयंपाकघराला लागून, पावसात ओली लाकडं, पहाटे पाचपासून धूर, आणि आक्काची सासू बाजूच्याच खोलीत झोपते. घरातल्या धुरानं जगात २०२० साली ३२ लाख माणसं गेली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, तो आकडा मी वाचला तेव्हा मला आधी ती म्हातारी आठवली, रात्रभर खोकते. तिच्या खोलीत मशीन ठेवून काय होणार, फिल्टर आठवड्यात काळा होईल. मी आणि भावोजींनी मिळून चूल मागच्या पडवीत नेली, वरनं पत्र्याचा पाइप कौलांच्या वर काढून धुराडं केलं, पत्र्याचं काम करणाऱ्यानं एका दिवसात करून दिलं. सोलरचा विचार आहे, पण तिकडं पावसात चार महिने तो चालणार नाही, तेव्हा चूल पूर्ण जाणार नाही, निदान घराबाहेर गेली.

संपादक साहेब, दुकानदारांना आपल्या पेपरातनं एक विनंती पोचवा, मशीनच्या किमतीच्या कार्डावर सीएडीआर आणि वर्षाचा फिल्टरचा खर्च मराठीत आणि कन्नडमध्ये लिहा. आणि जे कोण घराचे प्लॅन मंजूर करतात त्यांनी स्वयंपाकघरात एक्झॉस्टचं भोक आणि गिझरला बाहेर जागा आहे का हे बघूनच सही करावी.

वडगावच्या त्या पोराच्या खोलीच्या पुढच्या खिडकीला जाळी बसवून झाली, आजींनी कॉइल बंद केलीय, मच्छरदाणी आणलीय. नाल्याकडच्या खिडकीची चौकट वाळवीनं खाल्लीय त्यामुळं स्क्रू धरत नव्हते, तिला नवीन लाकूड घालून जाळी ठोकायला या रविवारी परत जातोय.

कळावे,
आपला एक वाचक,
एसी मेकॅनिक, अनगोळ, बेळगाव